पिकअपवरच्या कॅम्परला हवा कमी नडावी म्हणून घरच्या घरी काय करता येईल?

बोलेरो पिकअपच्या हौद्यावर राहण्यासाठी बसवलेला प्लायचा चौकोनी डबा, तो केबिनच्या टपावर पुढं आलेला, आणि पुणे रोडला ८० च्या पुढं गाडी गुदमरते, डिझेल पिते, असा तुमचा प्रश्न आहे. उपाय आहेत. पण तुमच्या फेऱ्या गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट एवढ्याच असतील तर यातलं काहीही करू नका. चाळीसच्या वेगाला हवा नडत नाही, वजन नडतं.

हायवेचा हिशोब वेगळा. १.८ मीटर रुंद आणि डब्याच्या टपापर्यंत २.७ मीटर उंच अशा गाडीला नुसती हवा कापायला ६५ च्या वेगाला साधारण १२ हॉर्सपॉवर लागतात, ८० ला २२ आणि १०० ला ४३. म्हणजे सगळ्यात स्वस्त सुधारणा तुमच्या उजव्या पायात आहे.

आता डबा. बरेच जण पुढं टोकदार चोच करायला निघतात. गरज नाही. समोरचा सपाट भाग तसाच राहू दे, कडा गोल करा. काटकोनी कडेवर हवा पत्र्याला धरून वळत नाही, सुटते आणि बाजूला भोवरे करते. ८० च्या वेगाला ती धरून राहायला १०० मिमी त्रिज्या पुरते. शेतीच्या पाइपलाइनची २०० मिमी पीव्हीसी पाईप घेतली की ही त्रिज्या आयती मिळते. १६० ची पाईप काठावर पास होते, म्हणून दोनशेचीच घ्या.

तीन मीटरचा तुकडा लांबीच्या दिशेनं चार उभ्या पट्ट्यांत चिरा. टपावर पुढं आलेल्या भागाचं तोंड १.८ बाय ०.९ मीटर धरलं तर चारी कडांना दोन पट्ट्या पुरतात, दोन उरतात. आता नीट लक्ष द्या: पट्टी कोपऱ्यावर नुसती चिकटवायची नाही, तशी ती बसतच नाही. समोरच्या तोंडावर १०० मिमी जाडीचा थर्माकोल लावायचा (५० च्या दोन शीट), त्याच्या कडांना पट्टी अशी बसवायची की तिचं मागचं टोक डब्याच्या बाजूशी एका रेषेत यावं. पट्ट्यांच्या आत दर १५० मिमीवर लाकडी ठोकळा. कोपऱ्यात ४५ अंशात कापून जोड द्या, मधल्या सपाट भागावर ३ मिमी एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट) शीट.

बिघडतं ते इथं. थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन किंवा सॉल्व्हंटचा गोंद लावला की तो डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. साधा पांढरा फेविकॉल चालतो. वरून फायबर चढवणार असाल तर इपॉक्सीच घ्या: चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं विणलेलं काचेचं कापड, दोन थर, आणि कापडाच्या वजनाइतकं रेझिन. हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट पांढरा थर येतो, तो साबणाच्या पाण्यानं घासून काढल्याशिवाय रंग धरत नाही.

दुसरी चूक, पट्टी नुसत्या सीलंटवर सोडणं. समोरच्या सपाट भागावर १०० च्या वेगाला चौरस मीटरला साधारण ४३ किलो दाब येतो, तो सगळं आत ढकलतो. गोल कडेवर मात्र उलट, हवा पट्टीला बाहेर ओढते. म्हणून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आणि शिवाय प्रत्येक ठोकळ्यात स्टेनलेस स्क्रू. भोकं दोन मिमी सैल ठेवा, वॉशर लावा. उन्हात पीव्हीसी वाढते, घट्ट भोकं तडकतात. रंग पांढराच. काळ्या रंगात मे महिन्यात पट्टी मऊ पडून वाकते.

केबिनचा टप आणि डबा यांच्यामधल्या फटीत हवा कोंडते. तिथं पातळ रबर लावा, कडक पत्रा नको. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे हलतात. खड्ड्यात दोघांना जोडलेला पत्रा फाटतो, नाहीतर टपाला चिरतो. ४० मिमी मोकळीक आणि त्यावर लोंबणारी रबर पट्टी, बास.

मागची बाजू दुर्लक्षित राहते, आणि खरी ओढ तिथंच असते. मागच्या दाराभोवती, वर आणि दोन्ही बाजूंना ३०० मिमी लांबीचे, आत झुकलेले ॲल्युमिनियमचे पडदे बिजागरीवर लावा. झुकाव १० ते १२ अंश, म्हणजे ३०० मिमीत साधारण ५२ ते ६२ मिमी आत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडं १६ गेजचा पत्रा वाकवून मिळेल. हौसेनं पंधरा अंशांच्या वर गेलात तर हवा सुटते आणि फायदा गेला. नंबर प्लेट, टेललाइट झाकू नका. गाडीच्या रचनेत कायमचा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ते आधी विचारा.

खालचे स्कर्ट (गाडीच्या बाजूंना चाकांमधली जागा झाकणारे पत्रे) माझ्या मते सोडून द्या. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं चिखल भरतो, गतिरोधकाला घासतात.

फरक पडला का, हे बघायला लोकरीचे १०० मिमीचे धागे कडेच्या मागं टेपनं चिकटवा आणि शेजारच्या गाडीतून व्हिडिओ घ्या. धागे पत्र्यालगत सरळ मागं पडले तर हवा धरली, थरथरत उभे राहिले किंवा पुढं वळले तर सुटली. दुसरी चाचणी पहाटे, वारा नसताना, मागं-पुढं वाहन नसताना सपाट पट्ट्यावर: ८५ ला न्यूट्रल करून ८० ते ६० ला यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या माणसानं मोजायचं. दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा, टाकी आणि टायरची हवा सारखीच ठेवून, बदलाच्या आधी आणि नंतर. सेकंद वाढले तर काम झालं. एकाच दिशेनं मोजाल तर उतार तुम्हाला फसवेल.