घरातल्या वीज वायरिंगवरून डेटा पाठवायला लाइनमध्ये एक कॅपॅसिटर टाकला की पुरतं का?

नाही पुरत. तुम्ही लिहिलंय की चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय पलीकडे जात नाही म्हणून दोन आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड) घेऊन वायरिंगवरूनच सिग्नल पाठवणार, आणि 230 व्होल्ट अडवायला 400 व्होल्टचा कॅपॅसिटर आणून ठेवलाय. हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण अगदी ह्याच वाक्यावरून माझं आणि माझ्या चुलत भावाचं, म्हणजे दादाचं, कित्येक वर्षं वाजलेलं आहे.

आमचं मूळ घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. खाली कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, कुळागरात बांय (विहीर) आणि पंपाची खोपी, आणि पंप चालू आहे का हे बघायला दर वेळी काकी पावसातून खाली उतरायची. म्हणून मी दोन डबे केले, एक खोपीत, एक घरात स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत. पंप चालू झाला की खालचा डबा 120 किलोहर्ट्झचा सिग्नल लाइनवर सोडायचा आणि वरच्या डब्यावरचा दिवा लागायचा. कॅपॅसिटर मीही लावला होता, 10 नॅनोफॅरडचा, एक्स-टू क्लासचा, म्हणजे मेन लाइनवर लावायलाच बनवलेला. त्याचं गणित सोपं आहे, 50 हर्ट्झला तो सव्वातीन लाख ओहमच्या आसपास अडवतो, म्हणजे मेनचा पाऊण मिलिअँपसुद्धा जात नाही, आणि 120 किलोहर्ट्झला तोच जेमतेम 130 ओहम, म्हणजे सिग्नल आरामात जातो. पण त्याच्या पुढे मी फेराइट रिंगवर गुंडाळलेला छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला होता, दोन्ही गुंडाळ्या रिंगच्या दोन बाजूंना, एकमेकींपासून लांब. लाइनची एकही तार बोर्डाला थेट लागत नव्हती, सिग्नल फक्त चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जायचा.

चवथीला सगळं कुटुंब जमलं, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली, दारापासून तुळशीपर्यंत एलईडीच्या माळा लागल्या आणि सिग्नल मेला. स्वस्त माळांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, हे सगळे लाइनवर कचरा सोडतात, त्यात माझा सिग्नल बुडाला. दादा म्हणाला तुझा ट्रान्सफॉर्मर सिग्नल खातोय. मी पणजीला गेलो होतो तेवढ्यात त्याने ट्रान्सफॉर्मर काढला, बोर्डाचा ग्राउंड, म्हणजे सर्किटची शून्य व्होल्टची बाजू, सरळ न्यूट्रलला जोडला, आणि शील्डिंग म्हणून तोच ग्राउंड पत्र्याच्या डब्याला स्क्रूने आवळला. म्हणे न्यूट्रलला करंट नसतो, आणि फेजमध्ये कॅपॅसिटर आहेच. सिग्नल तरीही आला नाही, कारण माळा चालूच होत्या. पण दोन दिवस कोणाला काही झालं नाही म्हणून तो म्हणाला बघ, काय बिघडलं?

तिसऱ्या दिवशी कोणीतरी खोबरं वाटायला मिक्सर लावायचा म्हणून वरच्या डब्याचा दोन पिनांचा प्लग काढला आणि परत उलटा घातला. दोन पिनांचा प्लग आपल्याकडे कसाही जातो. कॅपॅसिटर आता न्यूट्रलमध्ये, आणि फेज सरळ ग्राउंडवर, ग्राउंड पत्र्यावर. काकीने ओल्या हाताने डबा बाजूला सरकवला. ती मागे फेकली गेली म्हणून वाचली, चिकटली असती तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही. हात दोन दिवस बधिर होता. घरात जुने पोर्सेलीनचे फ्यूज, आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नाही, फ्यूज काही उडाला नाही, कारण माणसाला मारायला लागतो त्याच्या कित्येक पट करंट गेल्याशिवाय फ्यूज उडतच नाही.

तर मुद्दा असा की तुमचा कॅपॅसिटर कितीही भारी असला तरी तो एकाच तारेत बसतो, दुसरी तार उघडीच राहते. आणि साधा 400 व्होल्टचा तर लावूच नका, 230 ची शिखरं 325 व्होल्टपर्यंत जातात, वर वीज कडाडली की झटके वेगळेच. एक्स-टू लिहिलेलाच घ्या, तो अडीच किलोव्होल्टच्या झटक्याला तपासलेला असतो. त्याच्यासोबत फ्यूज, 275 व्होल्टचा एमओव्ही (व्होल्टेजचा झटका शोषून घेणारा भाग), आणि प्लग काढल्यावर कॅपॅसिटर रिकामा व्हायला एक मेगाओहमचा रेझिस्टर. आणि ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर नसेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. तपासताना लॅपटॉपची केबल किंवा स्कोपची (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या यंत्राची) ग्राउंड क्लिप लाइनच्या बाजूला लावायची नाही.

खरं सांगू का, तुम्हाला नुसतं इंटरनेट पलीकडच्या खोलीत हवं असेल तर बनवूच नका, पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरची जोडी विकत मिळते, ती 2 मेगाहर्ट्झच्या वर कुठेतरी चालते आणि आयसोलेशन आतच असतं. डब्यावर 200 किंवा 600 एमबीपीएस लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं. सर्ज प्रोटेक्टरवाल्या एक्स्टेंशन बोर्डात लावू नका, त्यातला फिल्टर सिग्नल गिळतो, सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. पेअरचं बटण दाबून पासवर्ड बदलून घ्या, सिग्नल मीटरपाशी थांबेलच असं नाही, शेजाऱ्याकडेही जाऊ शकतो. आणि हो, हे आधी विचारायला हवं होतं, तुमच्याकडे थ्री फेज आहे का? दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर बहुतेक नीट चालणारच नाही. इन्व्हर्टर मध्ये असेल तरी तेच.

आरसीसीबी 30 मिलिअँपचा बसवून घ्या, पण एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलंत तर तोही वाचवणार नाही.

दादा अजून म्हणतो की पावसाची ओल होती म्हणून शॉक बसला, सर्किटचा दोष नव्हता. दादा, तू हे वाचशील मला माहीत आहे. तो डबा माळ्यावर तसाच आहे, उघड, टेस्टर लावायचीही गरज नाही, पत्र्यावरचा स्क्रू प्लगच्या कुठल्या पिनला जातो तेवढं मल्टीमीटरवर बघ.