स्मार्ट स्पीकर घरातलं बोलणं ऐकतो का? आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा

तुम्ही विचारलंय, आईवडिलांसाठी स्मार्ट स्पीकर घ्यायचाय, तर तो सतत ऐकतो का आणि कंपनीची माणसं ते ऐकतात का. माइक चालूच असतो, पण नाव घेऊन हाक मारली की मगच आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो. हाक मारली असं पेटीला नुसतं वाटलं तरी जातो. कंपनीनं नेमलेली माणसंही ऐकतात. २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीनं अशाच एका माणसाकडून मिळालेल्या, गुगल असिस्टंटच्या (गुगलच्या पेटीत बोलणारा मदतनीस) हजारावर क्लिपा ऐकल्या, त्यातल्या १५३ वेळा कुणी हाकच मारली नव्हती.

पण मला कंपनीचं काही वाटत नाही. माझ्या आईची गुडघेदुखी ऐकून तो बेल्जियमवाला काय करणार? आमचं घर ऐकलं ते पुण्याच्या पुतण्यानं.

आम्ही शहापूरचे, म्हणजे बेळगावातलं शहापूर. थोरला भाऊ पुण्यात, त्याचा मुलगा आयटीत. दोन वर्षांमागं गणपतीला आला तो पेटी घेऊनच. "आजीला करमत नाही, काका." त्यानंच वायफायला जोडली, स्वतःच्या खात्यावर चालू केली, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि गेला. आई खूश. "मी अभंग ऐकतो की सकाळचं," असं सगळ्या गल्लीला सांगून आली.

आता गंमत अशी, की हाक मारल्यावर आपण बोलायचं थांबेपर्यंतचं सगळं त्यात जातं. आई थांबते कुठं? पेटीला "विठ्ठलाचं लाव गं" म्हणते आणि त्याच दमात मला, "वडगावच्या जागेचं काय करायलास?" मीही कांदा चिरता चिरता उत्तर देतो.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दादाचा फोन. "जागा विकायची नाही असं तू आईला शिकवतोस म्हणे." मी गार. हे बोलणं स्वयंपाकघराबाहेर गेलं कसं? संशय आला भांडी घासायला येणाऱ्या अक्कांवर. नको ते बोललो. बारा वर्षं येत होत्या, चार दिवस आल्या नाहीत. बायको म्हणाली, बाईमाणसाला असं बोलतात का? तरी मी ताठ.

दिवाळीला पुतण्यानं आपणहून फोन दाखवला. "काका, आजी काय काय बोलते बघा!" ॲपमध्ये तारीखवार यादी. लिहिलेलं वाचाल तर भलतंच हिंदी, कारण मराठीत कन्नड घातलेलं आमचं बोलणं पेटीच्या बापालाही कळायचं नाही. पण त्यावर बोट ठेवलं की आवाज स्वच्छ. माझाच. "दादाला काय, दोन दिवस यायचं आणि हिशोब मागायचा."

दुसऱ्या दिवशी कुंदा घेऊन अक्कांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, कुंदा ठेवून घेतला नाही.

पुतण्याला विचारलं तर म्हणाला, "मी चोरून कुठं ऐकलं? आजीनंच हो म्हटलं होतं." आजीनं अभंगाला हो म्हटलं होतं. त्यात आमची कमाल बघा. सरकारी कागद मराठीत द्या म्हणून या सीमाभागात आमच्या दोन पिढ्या भांडल्या, आणि पेटीच्या इंग्रजी अटींवर न वाचता 'ॲग्री' दाबू दिलं!

वकील असलेल्या मित्राला कायद्याचं विचारलं. तो म्हणाला, २०१७ चा खाजगीपणाच्या हक्काचा निकाल आहे, आणि ज्यांच्या नावानं तो ओळखला जातो ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त. ऐकून बरं वाटलं. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती कारणासाठी एखाद्यानं हाताळलेली माहिती वगळलीय. म्हणजे कंपनीला धरता येईल, पुतण्याला नाही.

तेव्हा घ्यायचाच तर खातं आईवडिलांच्या फोनवरून काढा, तुमच्या नव्हे. तुम्ही स्वतःला चांगला मुलगा समजत असाल, आमचा पुतण्याही समजतो. जुनं रेकॉर्डिंग पुसायची सोय ॲपमध्ये असते, ती त्यांना शिकवा. ॲमेझॉनच्या अलेक्सावर 'ड्रॉप इन' असतं, परवानगी दिलेला माणूस समोरच्यानं फोन न उचलता थेट घरात बोलू-ऐकू शकतो. ते बंद ठेवा. माइक बंद करायचं बटण असतं, पाहुणे आले की दाबा. आणि स्वयंपाकघरात ठेवू नका, घरातलं खरं बोलणं तिथंच होतं.

पेटी फेकून द्या असं मात्र म्हणत नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोन दिसत नव्हता, तेव्हा नुसतं बोलून तिनं मला दुकानातून बोलावून घेतलं होतं. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उपयोग आहे. आमची पेटी अजून आहे, देवघरात, माझ्या खात्यावर. हो, माझ्या. आईनं सांगितलं म्हणून. यादी मी उघडत नाही.

आणि दादा, हे तू वाचशीलच, पोरगं दाखवेल. जागेचं बोलायचं असेल तर गाडीत बस आणि इकडं ये. आईसमोर बोलू.