दुकानात कार्ड नाही चाललं तर घाबरू नको भाऊ

अरे भाऊ, तुझं पहिलंच क्रेडिट कार्ड दुकानात चाललं नाही म्हणून एवढं मनाला लावून नको घेऊ, डिक्लाइन झालं, म्हणजे मशीनने नाकारलं, तरी तुझ्यात काही खोट आहे असं नसते. माझं पण झालं होतं, नागपूरच्या इतवारीत सराफाकडे बहिणीच्या लग्नाचे दागिने घेताना, मशीनमधून ती छोटी चिठ्ठी निघाली अन् मागे आई उभी, हातात पिशवी धरून, मला तर घामच फुटला.

कारण साधं होतं, लिमिट, म्हणजे कार्डावर जास्तीत जास्त खर्च करायची मर्यादा, दीड लाख पण आधीचं वापरलेलं तसंच बाकी, म्हणजे उरलेली लिमिट कमी. तर मोठी खरेदी असली की आदल्या दिवशी अॅपमध्ये उरलेली लिमिट बघ, आणि तिथेच कार्ड कंट्रोल नावाच्या सेटिंगमध्ये दुकानातल्या मशीनची मर्यादा किती ठेवली आहे तेही बघ, कारण बरेच जण ती कमी ठेवून विसरून जातात. ऑनलाइन घेत असशील तर नवीन कार्डावर ऑनलाइन वापर बंदच येते, 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, स्वतः चालू करावं लागते. मशीनला कार्ड नुसतं टेकवून पैसे देत असशील तर 5000 रुपयांच्या वर पिन मागणारच.

आणि एक, परत परत स्वाइप नको करू, बँकेला शंका येऊन कार्ड ब्लॉक होऊ शकते. आधी मेसेज वाच, मग कार्डामागच्या नंबरवर फोन लाव. पैसे कटले पण दुकानदाराला मिळाले नाहीत तर चिठ्ठी जपून ठेव, 5 दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते, सोडू नको ते.