समुद्रातले सेंद्रिय द्रव्य ‘कुजते’ की त्याचे ‘विघटन’ होते?

प्रश्न असा आला आहे : ‘समुद्र तापत चालल्यामुळे पाण्यातील सेंद्रिय पदार्थ लवकर कुजतात’ असे वाक्य एका लेखात होते, संपादकांनी ‘कुजतात’ खोडून तेथे ‘त्यांचे विघटन लवकर होते’ असे केले. विचारणाऱ्यांना पहिले क्रियापद अस्सल मराठी वाटते आणि दुसरे पुस्तकी. बदल आवश्यक होता का?

बदल योग्य होता असे मला वाटते, मात्र तो पुरेसा नव्हता.

‘कुजणे’ ऐकताच डोळ्यांसमोर काही तरी पडून राहिलेले येते. ज्याला आकार आहे, जे ओल धरते, मऊ पडते आणि वास मारू लागते ते कुजते : पालापाचोळा, लाकूड, मुळे. दूध कुजत नाही, ते नासते, पीठ आंबते. डबक्यातले पाणी कुजले असे आपण कधी म्हणतो, पण तेव्हाही मनात पाण्यापेक्षा त्यात पडलेली पानेच असतात. समुद्रातल्या सेंद्रिय द्रव्याचा फार मोठा वाटा मात्र आकार नसलेला, पाण्यात विरघळलेला असतो. अभ्यासक समुद्राचे पाणी एक मायक्रोमीटरहूनही बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. गाळणीवर राहते ते ‘कणरूप’ आणि खाली उतरते ते ‘विरघळलेले’, अशी ही सोयीची वाटणी आहे. या विरघळलेल्या द्रव्यातला कार्बन सुमारे ६६० अब्ज टन भरतो, म्हणजे वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने असलेल्या कार्बनशी तुलना करावी इतका तो मोठा साठा आहे. एवढ्या अदृश्य द्रव्याला ‘कुजते’ म्हटले की वाचकाच्या नजरेपुढे सडकी पाने आणि मेलेले मासे येतात, आणि मूळ विषय तेथेच निसटतो. (‘विरघळणे’ आणि ‘विघटन’ यांचीही गल्लत होते, म्हणून सांगून ठेवतो : विरघळलेला रेणू अखंड असू शकतो, विघटनात तो तुटतो.)

आकार असलेल्या वस्तूला मात्र ‘कुजणे’ समुद्रातही चपखल बसते. ऑक्टोबर १९६८मध्ये अमेरिकेच्या वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्थेची ‘अल्विन’ ही पाणबुडी समुद्रात सोडली जात असताना बुडाली. आतली माणसे वाचली, त्यांचे जेवण मात्र पाणबुडीबरोबर दीड हजार मीटरहून अधिक खोलीवर गेले. दहा महिन्यांहून अधिक काळाने पाणबुडी वर काढली तेव्हा डब्यातली सँडविचे भिजलेली, पण जवळपास न कुजलेली निघाली, आणि सफरचंदेही टिकून होती. तेच अन्न वर आणून तितक्याच गारव्यात, म्हणजे सुमारे ३ अंश सेल्सिअसला ठेवले, तेव्हा काही आठवड्यांत ते खराब झाले. खोल समुद्रातल्या संथपणाचे श्रेय एकट्या थंडीला देता येत नाही, हे त्यातून दिसले.

आता व्याकरणाकडे वळू, कारण माझ्या मते खरी अडचण तेथे आहे. ‘कुजणे’ अकर्मक आहे आणि ‘विघटन होणे’ही तसेच आहे. दोन्हींत करणारा दिसत नाही, आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘समुद्र तापल्यामुळे’ असल्याने उष्णताच द्रव्य मोडते असा समज होतो. प्रत्यक्षात मोडतात ते जिवाणू. सुमारे ६०० डाल्टनहून (डाल्टन हे रेणूचे वस्तुमान मोजण्याचे एकक) मोठे रेणू त्यांना सहसा थेट आत घेता येत नाहीत, म्हणून ते आपली विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने) बाहेर पाठवून, नाही तर पेशीच्या पृष्ठभागावर ठेवून, मोठे रेणू पाण्याच्या साहाय्याने कापतात, तुकडे आत घेतात, त्यांतले काही स्वतःच्या वाढीला लावतात आणि बाकीचे श्वसनात खर्च करून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. तापमान वाढले की या विकरांचे काम झपाट्याने होते, म्हणजे उष्णतेचा हात येथे दुरून लागलेला असतो. हे सकर्मक रचनेत सहज सांगता येते : ‘पाणी तापले की त्यातील जिवाणू सेंद्रिय द्रव्याचे विघटन अधिक वेगाने करतात.’ लेखात मी हेच वाक्य ठेवले असते.

‘लवकर’ हा शब्दही जपून वापरावा. तापमान १० अंशांनी वाढले तर असा वेग दुप्पट ते तिप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. त्याच हिशेबाने १ अंश वाढीला वेग सुमारे ७ ते १२ टक्के वाढतो. ही वाढ क्षुल्लक नव्हे, पण ‘लवकर कुजतात’ म्हटल्यावर जे वाटते तेवढीही ती नाही. शिवाय वेग वाढला म्हणजे सगळेच द्रव्य संपते असे नाही. विरघळलेल्या द्रव्याचा बराच भाग इतका चिवट असतो की समुद्रात त्याचे वय हजारो वर्षांचे निघते. आणि पृष्ठभागाजवळ काही रेणू सूर्यप्रकाशानेच तुटतात. त्याला ‘प्रकाशविघटन’ म्हणता येते, ‘उन्हाने कुजले’ मात्र कोणी म्हणणार नाही. सर्व प्रकारांना पोटात घेणारा शब्द म्हणून ‘विघटन’ येथे सरस ठरतो.

‘नष्ट होतात’ हा पर्याय मात्र नकोच, कारण द्रव्यातला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यातच परत येतात, आणि ते किती खोलीवर परत येतात यालाच महत्त्व आहे. वरच्या उजेडाच्या थरातून खाली झिरपणाऱ्या कणांचा बहुतांश पहिल्या हजार मीटरांतच वापरला जातो. कोमट पाण्यात हे काम आणखी वर उरकले, तर कार्बन खोलवर शतकानुशतके अडकून राहण्याऐवजी लवकर हवेत परतू शकतो. शिवाय या श्वसनाला लागणारा ऑक्सिजन तापलेल्या पाण्यात कमी मावतो.

कोणी ‘अपघटन’ सुचवील. शालेय रसायनशास्त्रात एका पदार्थापासून दोन किंवा अधिक पदार्थ मिळणे या अर्थाने ‘अपघटन’ रुळले आहे, तर जीवशास्त्रात हे काम करणाऱ्या सजीवांना ‘विघटक’ म्हणतात. जिवाणूंविषयी लिहिताना दुसऱ्या घरातला शब्द घेणे सोयीचे, कारण करणारा, काम आणि ‘विघटनशील’ हे विशेषण एकाच धातूतून मिळतात. शेवटच्या टप्प्याला, म्हणजे सेंद्रिय द्रव्यातून पुन्हा साधी असेंद्रिय पोषकद्रव्ये मोकळी होण्याला, ‘पुनर्खनिजीभवन’ आणि ‘पुनर्खनिजीकरण’ असे दोन्ही शब्द बनवता येतात. ‘बाष्पीभवन’ आपोआप होते, ‘निर्जंतुकीकरण’ कोणी तरी करते. येथे करणारे जिवाणू आहेत, म्हणून माझा कौल ‘करणा’ला.