वाचकांचे प्रश्न : सगळ्यांना माहीत असते, मग थांबवायचे कोणी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतील असली, तरी त्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. पोलीस, ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी आणि दवाखाना या सेवा गावात किंवा शहरात आहेत, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत, अशी तिन्ही पत्रलेखकांची तक्रार आहे. म्हणून ही तीन पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका गावात शिक्षिका आहे. आठवीतील एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत आली नाही. तिचे लग्न लागल्याचे आम्हाला महिन्याभराने कळले. अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना कुणकुण होती, गावातील जबाबदार मंडळींना तर पत्रिकाच मिळाली होती. सगळ्यांना माहीत असताना हे थांबवायचे कोणी?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर स्पष्ट आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांची, नेमणूक आहे आणि त्यांना साहाय्य करण्याची जबाबदारी अंगणवाडी सेविकेवर आहे. शहरी भागात ही जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे असते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. असे लग्न ठरवणारे पालक आणि ते लावणारे भटजी किंवा काझी यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नाची तारीख आधी कळली, तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवता येतो आणि तो हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. या शेवटच्या तरतुदीची माहिती गावांत फार थोड्या जणांना आहे.

तरीही हे लग्न लागले. ज्यांना ते आधी कळते, ती सर्व माणसे त्याच गावात राहतात, त्यामुळे तक्रार करणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. अंगणवाडीताईंना रोज त्याच घरासमोरून जायचे असते. म्हणून एकट्या माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते आणि आणीबाणीच्या वेळी ११२ आहेच. मात्र हे दोन्ही उपाय लग्नघटिका जवळ आल्यावरचे आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात काम त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवे.

आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती त्या जोडीला. आईवडील पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात पालावर राहणार असतील, तर वयात आलेल्या मुलीला घरी म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचे की सोबत फडावर न्यायचे, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न असतो, आणि दोन्हींची धास्ती वाटल्याने ते तिचे लग्न उरकून टाकतात. त्यात नव्या जोडप्याला स्वतंत्र उचल मिळते. हे कारण लक्षात न घेता नुसता पोलीस पाठवला, तर लग्न त्या दिवशी थांबते आणि पंधरा दिवसांनी मामाच्या गावी लागते.

म्हणून सर्वांनी एकत्र बसण्याची खरी वेळ श्रावण-भाद्रपदातली आहे, दिवाळी तोंडावर आल्यावर ती निघून गेलेली असते. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असणे अपेक्षित आहे. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव असतात. आपल्या गावात ती कागदावर असेलच. शाळेकडे जन्मतारीख आणि हजेरी असते, आशाताईंना घरातील परिस्थिती ठाऊक असते, कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाकडे जाणार आहे हे पोलीस पाटलांना कळते आणि कायद्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे असतो. या चौघांच्या नोंदी एका वहीत आल्या, तर कोणत्या दहा-बारा मुलींची सोय आधीच करावी लागेल, हे एका दुपारी समजते. ती सोय म्हणजे हंगामी वसतिगृह, किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सामाजिक न्याय विभागाने २०२१ पासून सुरू केलेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना. प्रवेशाचे अर्ज कोणी भरायचे, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवावे. आईबापांपुढे मुलीला सुरक्षित ठेवण्याची दुसरी जागा ठेवल्याशिवाय त्यांना कायदा ऐकवायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या मुलीचे लग्न थांबवले, तिची नोंद अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत वहीत राहिली पाहिजे. तिला घरी ठेवणे धोक्याचे वाटले, तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे तिला हजर करता येते. आपल्या विद्यार्थिनीचे लग्न लागून गेले असले, तरी तिला वाऱ्यावर सोडू नका. अल्पवयात लावलेले लग्न रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत न्यायालयात अर्ज करण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे. ती पुन्हा शाळेत येऊ शकते, हे तिला सांगण्यासाठी तिच्यापर्यंत पोहोचणारे कोणीतरी हवे, आणि बहुधा आपल्याइतके जवळचे दुसरे कोणी नसेल.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील एक आजी एकट्या राहत होत्या. त्या न्हाणीघरात पडल्या आणि दोन दिवसांनी दूधवाल्यामुळे ते लक्षात आले. पोलीस ठाण्याने पूर्वी आमची नावे लिहून नेली होती, नगरपालिकेकडेही यादी आहे. या याद्यांचा उपयोग काय? (संघाचे सचिव, सांगली जिल्हा)

उत्तर : आजींवर ओढवलेला प्रसंग वाचून वाईट वाटले. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यासाठीचा कायदा २००७ चा आहे आणि त्याखालील महाराष्ट्राचे नियम २०१० चे आहेत. त्यांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी अद्ययावत ठेवायची असते. पोलिसांच्या प्रतिनिधीने शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी, अशीही अपेक्षा आहे. म्हणजे संघाने पोलिसांसोबत जाणे ही मेहेरबानी नव्हे, तशी व्यवस्था नियमांतच आहे.

पोलीस ठाण्यावर कामाचा बोजा किती असतो, हे आपण पाहतोच. त्यामुळे केवळ तक्रारअर्ज देऊन थांबू नका. संघानेच प्रभागवार स्वयंसेवक ठरवावेत, बीट अंमलदारांना, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांना, भेटून जुनी यादी मागवावी आणि दिवंगत झालेल्यांची किंवा मुलांकडे राहायला गेलेल्यांची नावे दुरुस्त करून ती त्यांना परत द्यावी. यादीत रक्तदाब, मधुमेह यांची औषधे, शेजाऱ्याचा फोन आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, या नोंदी त्या व्यक्तीच्या संमतीने घ्याव्यात आणि नगरपालिकेच्या दवाखान्यातील परिचारिकेलाही त्या कळाव्यात. ती यादी भिंतीवर लावू नये. एकटे कोण राहते, हे चोरालाही हवे असते. तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सल्ला किंवा आधार हवा असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घरात फोनजवळ ठेवावेत.

प्रश्न : आमच्या शहरात सणांच्या आधी शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, फोटो निघतो. भिवंडीच्या मोहल्ला समित्यांबद्दल वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. त्यांत वेगळे काय होते? (एक युवा कार्यकर्ता, मालेगाव)

उत्तर : भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. त्यांची संख्या सुमारे ७० होती. समितीत हिंदू आणि मुसलमान दोघेही असत. प्रत्येक समितीशी पोलीस शिपाई जोडून दिलेला असे आणि बैठकी सणापुरत्या न राहता वर्षभर नियमित चालत. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे तो बैठकीतील विषयांचा. तेथे घरगुती भांडणे, शेजाऱ्यांचे वाद, अशा किरकोळ तक्रारी ऐकल्या जात. त्यातून यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला शिपायाचे नाव कळले आणि शिपायाला त्याच्या गल्लीतील माणसे.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईत ९०० माणसे मरण पावली, असे या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. मुंबईपासून जवळच असलेली आणि दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे मुंबईतही निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे काम उभे राहिले.

पण भिवंडीची गोष्ट येथेच थांबवली, तर ती अर्धवट राहील. जुलै २००६ मध्ये त्याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद चिघळला, गोळीबारात दोन नागरिक मरण पावले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. ज्या ठिकाणी एकेकाळी नळावरच्या भांडणासाठीही एकत्र बसायची सवय होती, तेथे ही वेळ यावी, याचे मला फार दुःख वाटते. अशी समिती एकदा यशस्वी झाली की कायमची उभी राहते, असे समजू नये. अधिकारी बदलतात, जुने सदस्य थकतात, आणि बैठक दोनदा टळली की तिसऱ्यांदा कोणी आठवण करत नाही.

आपल्या शहरासाठी सुचवायचे झाले, तर शांतता समितीच्या पुढील बैठकीत सणाचा विषय संपल्यावर उठू नका. आपल्या प्रभागातील पाणीपुरवठ्याचा किंवा पथदिव्यांचा एखादा रेंगाळलेला प्रश्न मांडा, महापालिकेच्या प्रभाग अधिकाऱ्यांना बोलावण्याचा आग्रह धरा आणि पुढची तारीख त्याच वेळी, सण नसलेल्या महिन्यातली, इतिवृत्तात लिहून घ्या. त्या तारखेला किती जण आले, ते आम्हाला जरूर कळवा.