खिडक्यांना घाम, गादीखाली ओल: ट्रेलरमधल्या हिवाळ्याचे प्रश्न

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या काही वाचकांनी आणि पुण्याच्या एका आईने पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळे ट्रेलरमधल्या, म्हणजे गाडीला जोडून नेता येणाऱ्या चाकांवरच्या घरातल्या हिवाळ्याबद्दल आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न: कॅलगरीजवळ आम्ही दोघं 26 फुटी ट्रेलरमध्ये राहतो. फर्नेसमुळे (गॅसवर हवा तापवणाऱ्या भट्टीमुळे) आत 20 अंश असतं, तरी सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं. परवा गादी उचलली तर खालच्या प्लायवूडवर काळे ठिपके दिसले. छोटा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) दिवसाला वाटीभर पाणी काढतो. थंडी आत येऊ नये म्हणून छताची झडप टेपने बंद केली आहे. आणखी काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी झडपेवरची टेप काढा. तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे.

तुमच्या ट्रेलरमध्ये साधारण 40 घनमीटर हवा मावते. 20 अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 17 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. म्हणजे ट्रेलरमधली सगळी हवा मिळून 700 ग्रॅमसुद्धा पाणी पेलू शकत नाही, आणि त्यातलं निम्मं तर आधीच हवेत असतं. दोन माणसं आठ तास झोपली की श्वासातून आणि त्वचेतून अर्धा ते पाऊण लिटर पाणी बाहेर पडतं. त्यात सकाळचा चहा, कुकरच्या शिट्ट्या, अंघोळ आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल मिळवा. हे पाणी कुठेतरी जायलाच हवं. वाट दिली नाही तर ते सगळ्यात गार जागा शोधतं: काच, ॲल्युमिनियमची चौकट, गादीखालचं फळकूट, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाचा मागचा कोपरा.

बाहेरची हवा दमट वाटली तरी तिच्यात पाणी फार थोडं असतं. उणे 10 अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम दोन ग्रॅम. ती आत येऊन 20 अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता (पेलू शकेल त्या पाण्याच्या किती टक्के पाणी आहे ते) दहा-बारा टक्क्यांवर येते आणि ती ओल शोषायला तयार होते. रात्रीचं तुमच्या श्वासाचं पाणी बाहेर न्यायला तासाला अशी 14 घनमीटर हवा पुरते. ती तापवायला लागतात सुमारे 150 वॅट, म्हणजे जुन्या काळच्या दोन पिवळ्या बल्बांइतके. फर्नेसच्या हिशेबात रात्रभराचं सव्वाशे ग्रॅम प्रोपेन, म्हणजे सिलिंडरमधला गॅस. ट्रेलर कोरडा राहण्यासाठी एवढी किंमत मुळीच जास्त नाही.

म्हणून छताची एक झडप दोन बोटं उघडी ठेवा आणि तिच्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाची एक खिडकी बोटभर. हवेला आत यायची आणि बाहेर जायची अशा दोन्ही वाटा हव्यात, एकीने काम होत नाही. बाकीच्या झडपांत 14 इंची फोमची उशी बसवा. अंघोळीनंतर आणि स्वयंपाक चालू असताना पंखा बाहेरच्या दिशेने लावा आणि नंतरही वीस मिनिटं चालू द्या.

स्वयंपाकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या जेवणात वाफ फार. गॅसची ज्योत स्वतःच पाणी तयार करते: एक किलो प्रोपेन जळलं की 1.6 लिटर पाण्याची वाफ होते. साधा बर्नर तासभर मोठा ठेवला तर भांड्यात काही नसतानाही हवेत पाव लिटर पाणी जातं. पार्कची (ट्रेलर उभे करायच्या तळाची) वीज असेल तर वरण-भात इंडक्शनवर करा, भातावर झाकण ठेवा आणि कुकरची वाफ पंख्याखालीच सोडा. धुतलेले कपडे आत वाळवू नका. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यातही दीड-दोन लिटर पाणी असतं, पार्कच्या ड्रायरचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आता गादी. अंगातली वाफ गादीतून झिरपते आणि खालच्या गार प्लायवूडवर तिचं पाणी होतं. बऱ्याच ट्रेलरमध्ये पलंगाखाली बाहेरून उघडणारा सामानाचा कप्पा असतो, त्यामुळे ते फळकूट जवळजवळ बाहेरच्या तापमानाला असतं. आधी डिटर्जंटच्या पाण्याने ठिपके पुसा आणि फळकूट पूर्ण वाळवा. मग गादीखाली दोनेक सेंटिमीटर जाडीची प्लॅस्टिकच्या गुंतवळ्याची चटई घाला किंवा लाकडी पट्ट्या बोटभर अंतराने ठोका. गादी भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. उठल्याबरोबर पलंग आवरायची आपली सवय इथे उलटी पडते. पांघरूण दुमडून गादीचं डोकं तासभर उचलून ठेवा.

तुमचा डीह्युमिडिफायर बहुधा छोटा पेल्टियरचा, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेवर गार होणाऱ्या पट्टीचा असावा. त्याची ताकद तेवढीच असते, त्याचा दोष नाही. कॉम्प्रेसरचं मोठं यंत्र 15 अंशांच्या खाली बर्फ धरतं आणि थबकतं. गार जागेत शोषक चाकाचं, म्हणजे ओल शोषणाऱ्या फिरत्या चाकाचं यंत्र चांगलं चालतं. ते वीज जास्त खातं, पण ती सगळी ऊब आतच राहते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात ठेवायला ठीक आहेत, फक्त त्यात साठणारं खारं पाणी सांडलं तर धातू गंजतो.

खिडक्यांबद्दल खोटी आशा दाखवत नाही. बाहेर उणे 15 असताना एकपदरी काचेची आतली बाजू शून्याच्याही खाली असते, आर्द्रता कितीही सांभाळली तरी तिच्यावर दव धरणारच. उपाय दुसऱ्या पदराचा. चौकट स्पिरिटने पुसून कोरडी करा, चारही बाजूंनी दुहेरी टेप लावा, त्यावर पारदर्शक फिल्म ताणा आणि हेअर ड्रायरने चुण्या जाईपर्यंत शेकवा. फिल्मची आतली बाजू सहा-सात अंशांवर राहते, आणि 20 अंश व 40 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो) सहाच्या आसपास असतो. जेमतेम निभतं. म्हणून आर्द्रता 35 ते 40 टक्क्यांत ठेवा. संकटकाळी बाहेर पडायची खिडकी मात्र एका हाताने उघडेल अशीच राहू द्या.

प्रश्न: माझा मुलगा कामासाठी कॅनडात ट्रेलरमध्ये राहतो. फोनवर म्हणाला, “आई, रात्री गॅसचा छोटा हीटर लावून झोपतो, मस्त ऊब येते.” मला काळजी वाटते. तो सुरक्षित असतो का? (पुण्याहून)

उत्तर: ताई, तुमची काळजी रास्त आहे. त्याला आजच फोन करा आणि विचारा, त्या हीटरला धूर बाहेर नेणारी नळी आहे का?

ट्रेलरच्या फर्नेसमध्ये ज्योत बंद पेटीत जळते. ती हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच सोडते, आत फक्त गरम झालेली हवा येते. सिलिंडरवर चालणारा हातात उचलून नेण्यासारखा हीटर असेल तर त्याची ज्योत खोलीतच जळते आणि खोलीतलाच प्राणवायू खाते. ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही. अशा हीटरमधला सेन्सर प्राणवायू कमी झाल्यावर ज्योत विझवतो, पण तो कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्याच्यावर जीव सोपवून झोपू नये.

त्याला तीन गोष्टी सांगा. हा हीटर जागेपणीच, तोही खिडकी आणि झडप उघडी ठेवून वापरायचा, आणि झोपण्यापूर्वी बंद करायचा. स्वयंपाकाची शेगडी ऊब घेण्यासाठी कधीही पेटवायची नाही. पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा आणि जमिनीलगत प्रोपेनचा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. दोन्हींच्या पाठीवर मुदत छापलेली असते, ती संपली असेल तर आवाज येत असला तरी अलार्म बदलायचा. सकाळी डोकं दुखणं, मळमळ, चक्कर अशी लक्षणं दिसली तर आधी ट्रेलरबाहेर पडायचं आणि मग मदत मागायची.

ओलीची गोष्टही त्याला पटेल. ताशी 9,000 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) हीटर आठ तास चालला तर हवेत सुमारे अडीच लिटर पाणी सोडतो. ऊब येते तशी बुरशीही येते.

प्रश्न: प्रोपेन वाचवायला 1,500 वॅटचा विजेचा हीटर घेतला. आत 22 अंश असतात, पण उणे 18 च्या रात्री नळ गोठले. आत गरम असताना असं कसं? (एडमंटन)

उत्तर: हीटरने थर्मोस्टॅट (तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणारं बटण) तृप्त झाला, म्हणून फर्नेस पेटलीच नाही, आणि घोटाळा तिथे झाला. बऱ्याच ट्रेलरमध्ये फर्नेसच्या गरम हवेची एक वाट तळाच्या पोकळीतून जाते, जिथे नळ आणि टाक्या असतात. फर्नेस बंद म्हणजे ती पोकळी थंड. उणे 10 च्या खाली विजेचा हीटर थर्मोस्टॅटपासून लांबच्या टोकाला, मंद ठेवा. फर्नेस दर तासाला दोन-तीनदा तरी पेटली पाहिजे. रात्री हीटर बंद केला तर उत्तम. शिवाय 1,500 वॅट म्हणजे 120 व्होल्टला साडेबारा अँपिअर. हात लावून बघा, प्लग कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर सॉकेट बदला. एक्स्टेन्शन वायर नकोच.

खरा उपाय स्कर्टिंग, म्हणजे ट्रेलरच्या तळाभोवती जमिनीपर्यंत लावलेलं कुंपण. ट्रेलरखालून वाहणारा वारा अडवला की जमिनीची ऊबही कामाला येते. 26 फुटी ट्रेलरचा घेर साधारण 68 फूट. तळ जमिनीपासून 30 इंच उंच असेल तर दोन इंच जाडीची 4×8 फुटी एक्सपीएस फोमची (उष्णता अडवणाऱ्या टणक फोमची) पाटी घ्या आणि आठ फुटी बाजूचे 32 इंची तीन तुकडे करा. एका पाटीत 12 फूट झाकलं जातं, म्हणजे सहा पाट्या. त्यांचं रोधमूल्य (उष्णता अडवायची क्षमता) सुमारे आर-10 येतं. मागे 2×2 लाकडाची चौकट हवी, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात पाट्या उडतील. सांधे टेपने बंद करा आणि बुडाशी माती किंवा बर्फ लोटा. सांडपाण्याच्या झडपांपाशी उघडता येणारी एक पाटी ठेवा. फर्नेसच्या धुराड्यापासून फोम हातभर लांब ठेवा. सिलिंडरची जागा झाकू नका, गळती झाली तर गॅसला बाहेर पडायला वाट हवी. स्कर्टिंगच्या आत गॅसचा हीटर कधीही ठेवू नका.

पाण्याच्या पाइपवर तापणारी केबल गुंडाळताना तिचा पीळ तिच्याच अंगावर येऊ देऊ नका, तिथे ती जळते. तिचा छोटा थर्मोस्टॅट पाइपच्या सगळ्यात गार टोकाला टेकलेला हवा. हे नको असेल तर तीन-चार दिवसांनी टाकी भरून घ्या आणि पाइप काढून आत ठेवा. सांडपाण्याची झडप कायम बंद ठेवा, टाकी भरत आली की एकदम सोडा. उघडी राहिली तर थेंबथेंब पाणी होजमध्ये थरावर थर गोठतं.

प्रश्न: पहाटे फर्नेसचा पंखा फिरतो, पण हवा गारच येते. सिलिंडरमध्ये गॅस आहे.

उत्तर: पंखा चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज मोजा. फर्नेसमध्ये एक पातळ पाती असते. वाऱ्याचा जोर पुरेसा असला तर ती ढकलली जाते आणि त्यानंतरच बर्नर पेटतो. रात्रभर पंख्याने बॅटरी उपसली की तो हळू फिरतो, पाती हलत नाही, ज्योत लागत नाही. पंखा सात ते दहा अँपिअर खातो, चार्जर नसेल तर हे होणारच. व्होल्टेज ठीक असेल तर पातीत कुत्र्याचे केस किंवा धागे अडकलेत का पाहा. तिसरं कारण सिलिंडर. तळाशी थोडंच द्रव उरलं असेल तर कडाक्यात त्याची वाफ पुरेशा वेगाने होत नाही. पाव राहिला की भरून आणा. 9 किलोचा सिलिंडर 30,000 बीटीयूच्या फर्नेसला सलग 14 तास पुरतो, निम्मा वेळ चालली तर सव्वा दिवस.

प्रश्न: माझा आर्द्रतामापक 28 टक्के दाखवतो, तरी कपाटात बुरशी. कुणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर: बुरशीवर. मापक टेबलावर असेल तर तो टेबलाजवळची हवा सांगतो. बाहेरच्या भिंतीलगतच्या कपाटात त्याच हवेची आर्द्रता कितीतरी जास्त असते, कारण तिथे गारठा आहे. कपाटाचं दार किलकिलं ठेवा, कपडे मागच्या भिंतीला टेकू देऊ नका आणि मापक एक रात्र त्या कपाटातच ठेवून बघा.

मापकाची परीक्षाही घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून खोलीतल्या उबेत बारा तास ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता होते. मापक 65 दाखवत असेल तर दहा मिळवून वाचायचं, आणि तो आकडा चिकटपट्टीवर लिहून त्याच्या पाठीला लावून ठेवायचा.