वनडे बोअर झालीय म्हणतोस ना, मग हे वाच

राजा,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. मुद्दा एवढाच की वनडे आता कोण बघतं, लोकांना वीस ओव्हर पण लांब वाटायला लागल्यात, मग जिल्ह्याच्या पन्नास ओव्हरच्या सिलेक्शनसाठी उन्हात कशाला मरायचं, त्यापेक्षा टेनिस बॉल क्रिकेटच्या टुर्नामेंट बऱ्या, सहा ओव्हरचा खेळ, युट्युबवर लाईव्ह, वर मॅन ऑफ द सिरीजला बाईक. रागावलो नाहीये. तुझं निम्मं म्हणणं मलाही पटतं, तर ते आधी उरकून टाकतो.

ज्या सिरीजचा कशाशीच काही संबंध नाही, वर्ल्डकप झाल्यावर आठवड्यात उरकलेल्या तीन-पाच मॅचेस, त्या बोअर असतात, शंभर टक्के. कोण जिंकलं हे पंधरा दिवसांनी खेळणाऱ्यांनाही आठवत नसेल. बेन स्टोक्ससारखा माणूस 2022 मध्ये तीन फॉरमॅट झेपत नाहीत म्हणून वनडेतून रिटायर झाला होता (पुढच्या वर्षी वर्ल्डकपला परत आला, ते सोड). आणि सचिनने तर 2009 मध्येच सुचवलं होतं की वनडेचे 25-25 ओव्हरचे चार तुकडे करा. म्हणजे हा प्रश्न तुमच्या रील्सवाल्या पिढीलाच पहिल्यांदा पडलाय असं काही नाही.

पण वनडेची खरी वाट कशाने लागली माहितीये का, नियमांनी. पूर्वी एकच बॉल असायचा, चाळिसाव्या ओव्हरपर्यंत तो म्हातारा व्हायचा, एक बाजू घासलेली, एक बाजू चकचकीत, मग रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुना बॉल हवेत उलटा वळणार, मग पायावर येणारे यॉर्कर, शेवटच्या दहा ओव्हरमध्ये 80 काढायच्या म्हणजे छाती लागायची. 2011 च्या ऑक्टोबरपासून दोन्ही एंडने वेगवेगळा नवा बॉल आला, म्हणजे चाळिसाव्या ओव्हरला सुद्धा हातातला बॉल जेमतेम वीस ओव्हर जुना, कडक, बॅटवर मस्त येणारा. त्यात 2012 ला मधल्या ओव्हरमध्ये सर्कलबाहेर, म्हणजे आतल्या तीस यार्डाच्या रेघेपलीकडे, पाचच्या जागी चारच फिल्डर केले. वर पाटा विकेट, बॉलरला काहीच मदत नाही. बॉलरचे हात बांधायचे आणि मग बोंब मारायची की सगळ्या मॅच सारख्याच वाटतात, हे कुणी केलं बाबा? आता 2025 च्या जुलैपासून आयसीसीला जरा अक्कल आलीय, 34 ओव्हर झाल्या की दोन्हीतला एकच बॉल ठेवायचा आणि त्यानेच संपवायचं, म्हणजे शेवटी शेवटी तो बॉल तेहतीस ओव्हर खाल्लेला असतो. माझ्या मते हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं, असो.

आता उरलेलं निम्मं, जे मला अजिबात पटत नाही. तू लिहिलंयस 'मधल्या ओव्हरमध्ये काहीच घडत नाही'. अरे, तिथेच तर सगळं घडतं, तुला बघायला शिकवलं नाही कुणी.

7 नोव्हेंबर 2023, वर्ल्डकप, वानखेडे. अफगाणिस्तानच्या 291, ऑस्ट्रेलिया 7 बाद 91. पुढचं तुला पाठ आहे, मॅक्सवेल 128 बॉलमध्ये नाबाद 201, पायात गोळे आलेले, मैदानावर आडवा पडलेला, धावता येत नाही म्हणून उभ्या उभ्या सिक्स. त्याची रील तू मला दोनदा पाठवलीयेस. पण समोर कोण होतं? त्यांचा कॅप्टन कमिन्स. 68 बॉल, 12 रन, नाबाद. रशीद, नूर, मुजीब असे तिघे स्पिनर, बॉल जुना, आणि हा बाबा एकेक बॉल शांतपणे पायाशी मारून टाकतोय. पार्टनरशिप 202 ची, त्यात याचे 12! एक विकेट पडली असती तर मॅच तिथेच संपली असती, आणि मॅक्सवेल 33 वर असताना मुजीबने शॉर्ट फाइन लेगला त्याचा सोपा कॅच सोडला होता तोही विसरू नकोस. आता मला सांग, वीस ओव्हरच्या मॅचमध्ये 68 बॉल 12 रन करणाऱ्याला जागा कुठेय? पूर्ण डावच 120 बॉलचा. ही गोष्ट तिथे घडूच शकत नाही, लांबी लागते त्याला.

आणि उलट्या बाजूने बघ. 26 एप्रिल 2024 ला आयपीएलमध्ये ईडनवर कोलकात्याने 261 काढल्या आणि पंजाबने आठ बॉल राखून त्या पार केल्या, एका मॅचमध्ये 42 सिक्स. मी पूर्ण बघितली, मजा आली, खोटं कशाला बोलू. पण त्या 42 मधले कुठलेही तीन सिक्स मला आठवून सांग, बॉलर कोण, बॉल कुठे पडला होता, फिल्डर कुठे होता. नाही सांगता यायचं. मलाही येत नाही.

तुला वाटेल सर जुन्यातले आहेत, टुकूटुकूचं कौतुक करतात. नाही रे. टुकूटुकूने 2023 च्या वर्ल्डकपची फायनल पण घालवलीये आपण, अहमदाबादला, मॅक्सवेलच्या त्या 201 च्याच महिन्यात. पहिल्या दहा ओव्हरमध्ये 80, आणि पुढच्या चाळीस ओव्हरमध्ये फक्त चार फोर, राहुलच्या 66 ला 107 बॉल. तेव्हा सगळे राहुलला शिव्या घालत होते, पण ती इनिंग पुन्हा लावून कमिन्सची कॅप्टन्सी बघ. विकेट स्लो, बॉल थांबून येतोय हे ओळखून त्याने मॅक्सवेल, मार्श, हेड यांच्याकडून सुद्धा दहा ओव्हर काढून घेतल्या आणि आपल्याला पत्ताच लागला नाही. मला ती मॅच बोअर नाही वाटली, जीव जळला पण बोअर नाही.

आता आपल्या जेमिमा रॉड्रिग्जकडे ये. 30 ऑक्टोबर 2025, नवी मुंबईचं डी वाय पाटील, बायकांच्या वर्ल्डकपची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाच्या 338. शेफाली लवकर गेली, आपली सांगलीची स्मृती गेली, 2 बाद 59. याच वर्ल्डकपमध्ये एका मॅचला जेमिमाला टीममधून बाहेर बसवलं होतं. तिने नाबाद 127 केल्या 134 बॉलमध्ये, 14 फोर आणि सिक्स एकही नाही. बायकांच्या वनडेतला सगळ्यात मोठा चेस झाला आणि ज्या पोरीने तो केला तिने एकही बॉल हवेतून बाउंड्रीपार टाकला नाही, हे तुझ्या टेनिसच्या दोस्तांना सांगून बघ काय म्हणतात ते. हरमनप्रीतबरोबर 167 ची पार्टनरशिप, आणि बघशील तर जेमिमाच्या 127 मधले निम्म्याहून जास्त रन नुसते पळून. तीन दिवसांनी त्याच ग्राउंडवर वर्ल्डकप उचलला. त्या रात्री वनडे बोअर आहे असं कुणी म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.

बरं आता कामाचं बोलू. मधल्या ओव्हर बघायच्या कशा आणि खेळायच्या कशा.

बॉल बघण्याआधी फिल्ड बघ. पहिल्या दहात दोनच बाहेर, 11 ते 40 चार, शेवटच्या दहात पाच. समज ऑफस्पिनर आलाय आणि तू राईट हँडर. कॅप्टनकडे बाहेर ठेवायला चारच माणसं. लाँगऑन लागतो, डीप मिडविकेट लागतो, डीप स्क्वेअर लेग लागतो, चौथा ऑफला स्वीपर. मग लाँगऑफ कुठून आणणार, मिडऑफ वरतीच, सर्कलच्या आत राहणार. टेनिसमधून आलेल्या पोराला काय दिसतं? मिडऑफच्या डोक्यावरून मोकळं रान. अरे ते मोकळं ठेवलंय तुझ्यासाठीच, बॉल आत वळतोय आणि तू वळणाच्या उलटा, इनसाइड आउट, म्हणजे ऑफच्या बाजूला उचलायला जाणार, बॅटपॅडमधून बोल्ड नाहीतर वरची कड. त्याऐवजी लाँगऑनला ढकल आणि पळ. पुढच्या बॉलला पुन्हा. एका ओव्हरमध्ये चार सिंगल गेल्या की कॅप्टन वैतागतो, बघ, हमखास वैतागतो, सिंगल तोडायला लाँगऑनवाल्याला आत बोलावतो. आता उचल. तोच शॉट, पण आता आमिष तू लावलंस.

आपल्या ऋतुराज गायकवाडने 2022 च्या विजय हजारे ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या वनडे स्पर्धेत, यूपीविरुद्ध एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारले ते सगळ्यांना माहितीये, नो बॉल धरून 43 रन. ती ओव्हर 49 वी होती. म्हणजे त्याआधी तो अठ्ठेचाळीस ओव्हर विकेटवर उभा होता, महाराष्ट्राच्या एका बाजूने विकेट जाऊ न देता. 220 नाबाद, 159 बॉल. क्लिप सात बॉलची निघाली, त्याला कोण काय करणार.

टेनिस सोड असं मी म्हणत नाही. घरची परिस्थिती मला माहितीये, चषकाचे पैसे लागतात, खुशाल खेळ, तिथे तुझा हात मोकळा झालाय तो सीझन बॉललाही, म्हणजे चामड्याच्या कडक बॉललाही, कामाला येईल. फक्त सिलेक्शनच्या आधीचे दोन रविवार मला दे. नेटवर तासभर, मोठा शॉट बंद, मी फिल्ड ओरडून सांगणार आणि तू फक्त गॅपमध्ये एक काढायचा. चुकला की एक राउंड ग्राउंडचा. पहिली वीस मिनिटं प्रचंड बोअर होईल, आधीच सांगून ठेवतो.

रविवारी सात म्हणजे सात. आणि डाव्या पॅडची पट्टी तुटलीये ती चांभाराकडून शिवून आण, गेल्या वेळेसारखी नाडी बांधून येऊ नकोस.

सर